मीठ लागलं की कायदा लागतो

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या फाटकाशी रविवारी सकाळी लिंबांची टोपली ठेवलेली असते. शेजारी स्टीलचा डबा. लोक लिंबं उचलतात, डब्यात पैसे टाकतात, जातात. त्या टोपलीला कुठलाही परवाना नाही आणि लागतही नाही. तिच्यामागे चार फुटांवर, ओट्यावर, त्याच झाडांच्या लिंबांचं लोणचं बरण्यांत भरून ठेवलेलं असतं. त्या बरण्यांसाठी माझ्याकडे दोन बोटं जाडीची फाइल आहे.

मी राज्य सरकारच्या एका खात्यात लेखा शाखेत ३१ वर्षं होतो. लोकांच्या बिलांवर लाल शाईनं ‘त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावे’ असं लिहिण्यात उमेद गेली. निवृत्तीनंतर माझ्याच अर्जावर तसाच शेरा आला, तेव्हा आमची ही इतकी हसली की फोडणी करपली. लोणचं तिचं, कागद माझे, अशी आमची वाटणी आहे. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या सात-आठ जणांनी ‘काका, काय काय लागतं हो?’ म्हणून फोन केला. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

टोपली आणि बरणी

सिमरोळला, आयआयटीच्या पुढे, आमची तीन बिघे जमीन आहे. चौदा लिंबं, काही आवळे आणि पेरू, हिवाळ्यात लसूण, एका कोपऱ्यात हळद. हे सगळं जसं निघतं तसंच विकलं तर अन्न सुरक्षा खात्याचा आपल्याशी संबंध नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याच्या १८व्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की शेतकरी आणि त्यानं शेतावर पिकवलेला माल यांना हा कायदा लागू नाही.

इथं मेख आहे ती ‘शेतकरी’ या शब्दात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकजण चोइथराम मंडीतून लिंबं आणून विकतो. लिंबू तेच, कदाचित आमच्याच झाडाचं, पण त्याच्या हातात ते अन्नव्यवसायाचा माल होतं आणि त्याला नोंदणी लागते. मला लागत नाही. उद्या माझी लिंबं कमी पडली आणि मी मंडीतून पाच किलो आणून टोपलीत मिसळली, तर त्या रविवारी मीही शेतकरी नाही. म्हणून खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल आणि पावतीचा (इकडे जमिनीच्या पुस्तिकेला पावती म्हणतात) फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एकदा एका प्रदर्शनात ‘माल कुठला?’ असं विचारलं गेलं, तेव्हा त्या फोटोवर बोलणं दोन मिनिटांत संपलं.

चिरलं, वाळवलं, दळलं, उकडलं, मीठ लावलं, की तुम्ही पलीकडे गेलात. ओली हळद शेतातली, हळदपूड कारखान्यातली. मग तो कारखाना म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर का असेना.

हीच रेघ इतर कायद्यांतही थोड्याफार फरकानं दिसते. स्वतःच्या जमिनीतलं पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला तेवढ्या मालापुरती जीएसटी नोंदणी लागत नाही. आयकरातही लिंबाचे पैसे शेतीचं उत्पन्न, लोणच्यावरची कमाई मात्र धंद्याची. त्यामुळे टोपलीची वही वेगळी आणि बरणीची वेगळी ठेवा. हा लेखा शाखेतल्या माणसाचा हट्ट समजा, पण ठेवा.

शंभर रुपयांची नोंदणी, चोवीसशे रुपयांत

छोट्या माणसाला परवाना लागत नाही, नोंदणी लागते. मी केली २०२२ मध्ये. तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असली तर नोंदणी, त्यावर राज्याचा परवाना, असा हिशोब होता. फी वर्षाला १०० रुपये, एका वेळी पाच वर्षांपर्यंत काढता यायची. असे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून अर्ज भरताना पोर्टलवर जे दिसेल तेच प्रमाण माना, माझं नको.

अर्ज ‘फॉसकॉस’ नावाच्या सरकारी पोर्टलवर भरायचा. मी तिथं पोचलोच नाही. मोबाइलवर शोधलं, सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं. तिरंगा होता, अशोकस्तंभासारखं काहीतरी होतं, ‘फूड लायसन्स’ असं मोठ्या अक्षरांत होतं. माहिती भरली, २,४०० रुपये भरले. तासाभरात एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला आणि तिनं आधारचा फोटो मागून घेतला. आठवड्याभरात प्रमाणपत्र आलं. प्रमाणपत्र खरं होतं. त्या लोकांनी खऱ्या पोर्टलवर शंभर रुपये भरून ते काढलं आणि बाकीचे खिशात घातले. ३१ वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासणारा माणूस! पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. खरा घोळ चार महिन्यांनी कळला. मराठी मंडळींच्या एका खाद्यजत्रेत आम्ही टेबल लावलं होतं. अन्न सुरक्षा अधिकारी फेरी मारत आले, तरुण पोरगा, बोलायला नम्र. प्रमाणपत्र हातात घेऊन त्यानं विचारलं, ‘‘अंकल, ये बनाता कौन है?’’ मी अभिमानानं हिच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ‘‘लेकिन आप तो रिटेलर हैं.’’ त्या गोड आवाजाच्या मुलीनं व्यवसायाचा प्रकार ‘किरकोळ विक्रेता’ असा भरला होता. म्हणजे कागदावर आम्ही दुसऱ्याचं लोणचं विकणारे दुकानदार! बनवण्याची नोंद कुठंच नव्हती.

त्यानं दंड केला नाही, दुरुस्ती करा म्हणाला. तर अर्ज भरताना सगळ्यात सावकाश भरायची जागा तीच: व्यवसायाचा प्रकार. तुम्ही बनवत असाल तर उत्पादनाचा गट निवडा, आणि मग जे जे विकणार तो प्रत्येक पदार्थ-प्रकार टिपा. लोणचं भाज्या-फळांच्या प्रकारात जातं, मसाले वेगळ्या, पापड वेगळ्या. आज फक्त लोणचं विकत असाल आणि दिवाळीला मेतकूट काढायचा विचार असेल, तर मसाला आजच टिपा. घरूनच डबे देणाऱ्यांचा गट निराळा आहे, तो चुकून घेऊ नका. बाकी कागद फार नाहीत: फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. आम्ही वीजबिल लावलं.

नोंदणी जागेची असते, माणसाची नव्हे. लोणचं लोकमान्य नगरात आणि हळद शेतावरच्या खोलीत दळायची असेल तर दोन जागा, दोन नोंदण्या. आम्ही म्हणून दळण गिरणीवर नेतो, पण मग त्या गिरणीवाल्याकडे त्याची स्वतःची नोंदणी हवी. मी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या लग्नाचा दाखला मागितला. शेवटी त्यानं गल्ल्यामागून फ्रेम केलेलं प्रमाणपत्र काढून पुसून दाखवलं.

अर्ज केल्यावर सात दिवसांत एकतर नोंदणी द्यायची, नाहीतर कारण सांगून नाकारायची किंवा तपासणी लावायची, असा नियम आहे. तपासणी लावली तर तीस दिवसांत निकाल. यातलं काहीच झालं नाही तर छोट्या व्यावसायिकाला काम सुरू करायची मुभा आहे. हे मी तोंडपाठ केलंय, कारण कार्यालयात आठवण करून द्यायला कामी येतं.

दुरुस्तीच्या वेळी आमच्याकडे तपासणी आली. हिनं आदल्या दिवशी फरश्या घासल्या, नवा ओटापोस काढला, पाहुणे येणार असल्यासारखा शिरा केला. तपासणीला आलेल्या बाईंनी शिऱ्याला हात लावला नाही आणि फरशीकडे बघितलंही नाही. त्यांनी सिंकखालचं दार उघडलं. तिथं तिखटाच्या डब्याशेजारी फिनाइलची बाटली होती. ‘‘मैडम, ये यहाँ नहीं रहेगा.’’ मग खिडकीला जाळी आहे का, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, पाणी कुठलं, टाकी कधी धुतली, लोणचं कालवताना हातात बांगड्या-अंगठ्या असतात का. गच्चीवर फोडी वाळत होत्या, त्यावर मलमल होती म्हणून वाचलो. बाई गेल्यावर ही म्हणाली, ‘‘अहो, चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय, फिनाइलचं कधी डोक्यातच आलं नाही.’’ तेव्हापासून फिनाइल न्हाणीघरात.

लेबल, किंवा लोणच्याला अचार म्हणायची वेळ

पहिलं लेबल भाच्यानं कॉम्प्युटरवर करून दिलं. सुंदर होतं. वर तोरण, मध्ये ‘आजीच्या हातचं लिंबाचं लोणचं’, खाली ‘घटक: लिंबू, मीठ, तिखट, मोहरी, हिंग, हळद, तेल’. सगळं शुद्ध मराठीत. शंभर छापली. ती सगळी वाया गेली.

कारण लेबलावरची बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. त्याशिवाय मराठी हवी तर खुशाल घाला, पण नुसती मराठी चालत नाही. लिपी एकच म्हणून मला वाटलं होतं खपून जाईल. आता आमच्या बरणीवर मोठ्या अक्षरांत ‘लिंबाचं लोणचं’ आणि त्याखाली ‘नींबू का अचार’ आहे. पहिल्या दिवशी हिला ते वाचून वाईट वाटलं. पण मराठी न येणारे शेजारी तेव्हापासून जास्त बरण्या नेतात, हेही खरं.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे. सगळ्यात जास्त काय पडतं ते पहिलं. हिचं माप मुठीत आणि ‘अंदाजे’त असल्यामुळे आम्हाला एक संपूर्ण घाणा वजन करून करावा लागला. तेव्हा कळलं, की आमच्या लोणच्यात मोहरीपेक्षा तेल जास्त आहे. हिनं ते आजही मान्य केलेलं नाही.

हिंगाकडे लक्ष द्या. बाजारातल्या बांधानी हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत बघा, त्यात बहुतेक गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. गव्हातलं ग्लुटेन काही लोकांना सोसत नाही आणि ते असल्याचं लेबलावर वेगळं सांगावं लागतं. शेंगदाणे, दूध, सोयाबीन, सुकामेवा यांचंही तसंच. लिंबाच्या लोणच्यावर ‘यात गहू आहे’ लिहायचं म्हणजे विनोदच वाटतो, पण लिहायचं. ज्याला कळायला हवं त्याला कळतं.

याखेरीज शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, बोधचिन्ह आणि चौदा आकडी नोंदणी क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, आणि ग्राहकानं तक्रार कुठं करायची तो फोन. पोषणमूल्यांचा तक्ता हा एक वेगळा विषय आहे. तो प्रयोगशाळेतून करून घ्या, दुसऱ्याच्या बरणीवरचा उतरवू नका. नोंदणी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. साध्या बिलबुकावर रबरी शिक्का मारला तरी काम होतं.

‘कधीपर्यंत वापरावे’ ही तारीख कोणी देत नाही, आपल्याला ठरवावी लागते आणि त्याची जबाबदारीही आपली. आम्ही एका घाण्यातल्या सहा बरण्या बाजूला ठेवल्या आणि दर दोन महिन्यांनी एक उघडून बघितली. दहाव्या महिन्यातली ठीक होती, बाराव्या महिन्यातल्या बरणीत तेल खवट झालेलं. आम्ही नऊ महिने छापतो.

लेबलावर ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ असे शब्द उगाच घालू नका, त्यांना अटी आहेत. ‘मधुमेहावर गुणकारी’ तर अजिबातच नको. आवळ्याच्या सुपारीवर एकीनं लिहिलं होतं, तिला मी हात जोडून काढायला लावलं. ‘जैविक’चं थोडं वेगळं आहे. पॅक करून दुकानांतून विकणाऱ्याला प्रमाणीकरण लागतं. छोटा उत्पादक स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला देत असेल तर त्याला त्यातून सूट आहे, पण ‘जैविक भारत’चं चिन्ह तो वापरू शकत नाही. आम्ही शेतात युरिया टाकत नाही, ते तोंडानं सांगतो, बरणीवर छापत नाही.

काळा मसाला, गोडा मसाला करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: दळलेले मसाले सुटे विकायला बंदी आहे. पुडी किंवा बरणी बंद, लेबलासह. स्टीलच्या डब्यातून चमच्यानं कागदावर काढून देणं आपल्या आयांनी केलं, आता चालणार नाही.

काटा

हा भाग लोक विसरतात. स्वयंपाकघरातला डाएटचा काटा विक्रीला चालत नाही. नापतौल विभागानं, म्हणजे वजनमापे खात्यानं, तपासून शिक्का मारलेलाच हवा, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. आमच्या पहिल्या खेपेला ही बरणीसकट ४०० ग्रॅम भरत होती. काचेची बरणी निम्मं वजन खाते! साऊथ तुकोगंजच्या एका गिऱ्हाइकानं घरी मोजून फोन केला. बाई रागावल्या नव्हत्या, पण मला तो फोन अजून आठवतो. निव्वळ वजन म्हणजे फक्त माल, बरणी-झाकण वगळून.

आधीच भरून ठेवलेली बरणी विकायची तर पॅक करणारा म्हणून नापतौलकडेही नोंद करावी लागते, तिची फी ५०० रुपये. आणि किलोपेक्षा कमी मालावर दर ग्रॅमची किंमतही छापायची: आमची ४०० ग्रॅमची बरणी १६० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला ४० पैसे.

पुण्याच्या वीस बरण्या

कोथरूडच्या पुतणीनं सोसायटीतल्या बायकांसाठी वीस बरण्या मागवल्या. ही हरखली. मी कुरियरचे खोके आणले, तेवढ्यात सीएला सहज फोन केला आणि खोके माळ्यावर गेले.

आपल्याकडे मालासाठी जीएसटीची मर्यादा ४० लाखांची, म्हणून आपण निवांत असतो. ती मर्यादा राज्यातल्या राज्यात. लोणच्यासारखा करपात्र माल मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात विकला, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. इंदूरच्या माणसाचे निम्मे नातेवाईक पुण्या-मुंबईला, त्यामुळे हा खड्डा आपल्याच वाटेत आहे. पुतणीला दोन बरण्या प्रेमानं पाठवल्या तर ती भेट, वीस बरण्यांचे पैसे घेतले की ती आंतरराज्य विक्री.

गंमत म्हणजे शेजारच्या वहिनी फक्त पापड करतात. पापडावर जीएसटी शून्य आहे आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. त्यांचे उडदाचे पापड खुशाल नागपूरला जातात. आमच्या लोणच्याला मात्र राज्याच्या हद्दीपुढं जाता येत नाही. हिनं म्हणून पापडाचा विषय दोनदा काढला. पण लोणच्याबरोबर पापड केले तर ‘फक्त करमुक्त’ राहत नाही, हे समजावताना माझाच गोंधळ उडाला.

नमुना मागितला तर

घाबरू नका, आणि फुकट देऊ नका. अधिकाऱ्यानं नमुन्याची किंमत द्यायची असते. तुमच्यासमोर त्याचे चार भाग करून सील करायचे, तुम्हाला लेखी नोटीस द्यायची. एक भाग सरकारी विश्लेषकाकडे जातो. तुम्ही लेखी मागणी केली तर एक भाग तुमच्या खर्चानं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. अहवाल साधारण चौदा दिवसांत यायला हवा, आणि तो विरुद्ध गेला तर तीस दिवसांत अपील. बॅच क्रमांक नीट लिहिलेला असला, तर अडचण त्या एका घाण्यापुरती राहते.

तूप विकायचं असेल तर शंभरदा विचार करा. त्याचे मापदंड आकड्यांत बसवलेले आहेत. म्हशीनं काय खाल्लं त्यावरही आकडे हलतात, आणि नमुना नापास झाला की चांगल्या माणसाला चोर ठरवतात. आमच्याकडे एक म्हैस होती, तरी आम्ही तूप विकलं नाही.

उरलेले कागद

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची, नोंदणी फुकट आहे, आधारवर होते, पैसे मागणारी साइट पुन्हा तीच गोड आवाजाची. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, आणि नगर निगमचा व्यापार परवाना दुकान मांडल्यावर बघा, त्यासाठी आधी वॉर्डाच्या झोन कार्यालयात जाऊन तोंडी विचारा. यंत्र घ्यायचं असेल तर सूक्ष्म खाद्य उद्योगांसाठीच्या पंतप्रधानांच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे, मात्र बँकेच्या कर्जाला जोडून. त्या योजनेत इंदूर जिल्ह्याचं पीक बटाटा आहे, म्हणून चिप्सवाल्यांची तिथं बरी चलती असते. पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, या शहरात कचऱ्यापेक्षा पिशवीवर दंड लवकर होतो. आणि वर्तमानपत्रात पापड गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते.

आमची नोंदणी पाच वर्षांची. कालनिर्णयवर मुदत संपायच्या तीन महिने आधीच्या पानावर मी लाल शाईनं गोल करून ठेवलाय. परवा नापतौलचा शिक्का संपतोय. काटा पिशवीत भरून दाराशी ठेवलाय, सोबत गेल्या वर्षीची पावती. ही म्हणते, जाता जाता सियागंजातून मोहरी घेऊन या, बिल मात्र मागून घ्या.